भिंतीतली वायर

जोडणीबाईंचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. बाकी सगळ्यांच्या लेखी त्या जोडणीबाई. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. कानाला यंत्र लावून याचा फोन त्याला आणि त्याचा फोन हिला जोडून द्यायच्या. पुढे एक्स्चेंजला माणसांची गरज उरली नाही. बरोबरीच्या बायका घरी बसल्या, कुणी शिवणाला लागल्या, कुणी नातवंडांना. बाईंना मात्र जोडण्याची चटकच लागलेली. एका वायरीमागे दुसरी वायर धरत त्या शिकत गेल्या आणि पन्नाशी उलटेपर्यंत घरोघरच्या इंटरनेटच्या डॉक्टरीणबाई होऊन बसल्या. कुणाच्या मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही, कुणाचा प्रिंटर रुसलाय, कुणाच्या फायरवॉलने घरच्याच माणसाला बाहेर ठेवलंय, की बोलवा जोडणीबाईंना.

फायरवॉल म्हणजे काय, हे त्या ज्याला त्याला सारख्याच शब्दांत सांगत. "दारावर बसवलेला रखवालदार. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर सोडायचं ते तो बघतो. पण सांगाल तेवढंच ऐकतो, स्वतःचं डोकं लावत नाही." मग थोडं थांबून, "माणसांतही असतात असे," असं पुटपुटत. गिऱ्हाईक हसलं तर बरं, नाही हसलं तरी त्यांचं काही अडत नसे.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती आणि तिच्यात त्या तसूभर बदल करत नसत. घरात शिरल्यावर पहिल्यांदा खुर्ची मागायच्या. घरात माणसं किती, कोण कधी काय करतं, बिघाड दिवसातून केव्हा होतो, हे सगळं ऐकून घ्यायच्या. घाईतल्या माणसाला त्याचा फार वैताग यायचा. एकदा एका वकिलाने "बाई, तुम्ही माझी साक्ष घ्यायला आलात की राउटर बघायला?" असं विचारलंही होतं. बाई म्हणाल्या, "साक्ष संपली की बघते."

मग पिशवीतून रंगीत दोऱ्यांची गुंडी निघायची. राउटरमधून वायर काढण्याआधी त्या तिला एका रंगाचा दोरा बांधत आणि ती ज्या भोकातून निघाली तिथे त्याच रंगाचा तुकडा चिकटवत. काम झालं की लाल लालमध्ये, निळी निळीत. जाताना एकही वायर इकडची तिकडे झालेली नसायची. आपल्यामुळे कुणाचं काही नवीन बिघडू नये, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

आणि एक नियम होता. घरातलं घरात, वायरीतलं वायरीत. हा नियम एक्स्चेंजच्या दिवसांतला. नव्या असताना एका बाईंनी नवऱ्याला फोन जोडून मागितला, तेव्हा यांनी भाबडेपणाने सांगितलं होतं, "ते आताच त्या दुसऱ्या नंबरवर बोलत होते, थांबा हं." कुठला दुसरा नंबर, इथून जे सुरू झालं ते त्या घराला चांगलंच भोवलं. वरिष्ठ बाईंनी बोलावून घेतलं आणि एकच वाक्य सांगितलं, "आपण जोडायचं, ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर विसरायचं." तेव्हापासून कुणाच्या घरात कितीही धुसफुस दिसो, बाई तोंडात मिठाची गुळणी धरून बसायच्या.

घरी त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करत असे. दुकान केव्हाच बंद केलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं खिडकीपाशी येऊन घड्याळ देऊन जात. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसले की तो डोळ्यावरची भिंगाची वाटी वर सरकवून विचारायचा, "काय निघालं आज?" आणि बाई सांगायच्या, उंदराने कुरतडलेली वायर, माशांच्या टाकीमागे ठेवलेला राउटर, असं जे निघालं असेल ते. तो म्हणायचा, "बंद पडलेलं घड्याळ बरं. मध्येच चालतं, मध्येच थांबतं, ते घड्याळ जीव खातं."

असंच जीव खाणारं एक घर बाईंच्या वाट्याला आलं.

दुमजली घर होतं, उताराच्या गल्लीत, अगदी खोलगट जागी. वरच्या मजल्यावर एकच जिना जायचा आणि जिन्याच्या तोंडाशी दोन दारं होती. एक जुनं, पितळी कडीचं. दुसरं बऱ्याच नंतर बसवलेलं, त्याच्या चौकटीला रंगही धड लागलेला नव्हता. बाईंना नव्या दारात बोलावलं होतं. तिथे एक शिक्षिका आणि तिचा नवरा राहत. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. शिक्षिका एका शाळेसाठी घरूनच, लॅपटॉपवरून शिकवायची. तिची विद्यार्थिनी म्हणजे दूरच्या गावातली एक ऐकू न येणारी मुलगी. तिच्या घरी तिला सगळे चिमणी म्हणत. तिला खुणांच्या भाषेत लिहायला-वाचायला शिकवायचं, असं ते काम.

"बोलून शिकवत असते तर चाललं असतं," शिक्षिकेने पहिल्याच भेटीत बाईंना सांगितलं. "आवाज तुटला तरी माणूस अंदाज बांधतो. पण हाताचं चित्र अडकलं की शब्दच गेला. माझा हात हवेत तसाच राहतो आणि ती बिचारी बघत बसते. मग तोंड फिरवून घेते. माझ्याआधी दोन शिक्षिका बदलल्यात तिच्या. आता कुठे ती स्वतःहून प्रश्न विचारायला लागली होती, ताई."

बाईंनी तेव्हा सगळं रीतसर केलं होतं. घरात कोण कोण, तर आम्ही दोघंच. बिघाड केव्हा, तर बहुतेक दुपारी, तासाच्या वेळेला, पण रोज नाही. जिन्यावरच्या दुसऱ्या दाराबद्दल विचारावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दाराचा विषय निघाला असता तर शिक्षिकेच्या नवऱ्याची मान कुठे वळली असती, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं. बाईंनी प्रश्न गिळला. राउटर बघितला, तो जुना होता आणि हात लावला तर तापलेला. त्यांनी नवा बसवला, दोऱ्यांच्या रंगांनुसार सगळ्या वायरी होत्या तिथे परत लावल्या, आणि सगळं झकास चाललेलं बघून समाधानाने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र पुन्हा अडकलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार, पण हे त्यांना तेव्हा कुठे माहीत.

मग शिक्षिकेचा फोन आला तो रडवेल्या आवाजातच. शाळेच्या मुख्याध्यापिकेने निरोप दिला होता की शनिवारी दुपारच्या तासाला त्या स्वतः हजर राहणार. त्या दिवशीही चित्र अडकलं तर चिमणीचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे देणार. मुलीचे आईवडीलही कंटाळले होते. "नोकरी गेली तर दुसरी मिळेल," शिक्षिका म्हणाली, "पण ती चौथ्यांदा नव्या माणसाशी बोलायला नाही लागायची, ताई. गप्पच होईल ती."

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवं यंत्र लावूनही बिघाड तसाच राहिला, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. नवऱ्याने एकदा विचारलं, "काय निघालं?" त्या दोऱ्यांची गुंडी सोडवत बसल्या, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी सकाळीच त्या पोचल्या. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणत होते. चिखल चुकवत त्या जिना चढल्या. शिक्षिकेने दार उघडलं, नवरा सुट्टी काढून घरी बसला होता. लॅपटॉप टेबलावर होता आणि नेमका अडकलेला होता. बाईंना बरंच वाटलं. आजाऱ्याला ताप चढलेला असतानाच डॉक्टर यावा तसं झालं.

या खेपेला त्यांनी राउटरला हात लावला नाही. लॅपटॉपपाशी बसल्या आणि सेटिंग उघडून त्यालाच विचारलं की बाबा, तुला नंबर कुणी दिला. घरातल्या प्रत्येक यंत्राला आत आल्यावर राउटर एक नंबर देतो, दवाखान्यात टोकन देतात तसा. तो नंबर हातात असला की मगच बाहेरच्या जगाशी बोलता येतं. लॅपटॉपकडे नंबर होता, पण बाईंनी बसवलेला राउटर ज्या नंबरापासून सुरुवात करायचा, त्या रांगेतला तो नव्हताच. बाईंनी नंबर देणाऱ्याचा पत्ता काढला आणि तो उघडला. पडद्यावर एक पान आलं, पासवर्ड मागणारं. पान भलत्याच कंपनीचं होतं.

"या घरात दुसरा राउटर आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," नवरा म्हणाला.

"आहे," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि राउटरच्या मागे बघू लागल्या. पिवळा दोरा बांधलेली वायर भोकातून निघून जमिनीलगत चपलांच्या मांडणीमागे जात होती. त्यांनी मांडणी ओढली. मागे भिंतीत एक चौकोनी पट्टी होती, धुळीने भरलेली, आणि वायर तिच्यात शिरत होती. पहिल्या भेटीत बाईंनी ही वायर स्वतःच्या हाताने काढली होती आणि स्वतःच्याच हाताने, दोऱ्याचा रंग बघून, पुन्हा लावली होती. त्यांचे कान तापले.

"ही कुठे जाते?"

"भिंतीत जाते," नवरा म्हणाला.

"भिंतीत वायर राहायला जात नाही, दादा. पलीकडे काय आहे?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने लॅपटॉपकडे. शेवटी तीच म्हणाली, "मोठ्या दिरांचं घर आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी हे सगळं एकच घर होतं. सासूबाई गेल्यावर थोरल्या भावाने त्यांच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिळ्याला टांगली. तो आयुष्यभर एका कारखान्याच्या भांडारात भांडारपाल होता, पावतीशिवाय खिळासुद्धा बाहेर जाऊ न देणारा. शिक्षिकेला कामासाठी निवांत खोली हवी होती म्हणून एक दिवस तिने ती खोली उघडून झाडायला घेतली. थोरला दारात येऊन म्हणाला, "न विचारता आत पाऊल टाकायचं नाही." धाकट्याने, म्हणजे शिक्षिकेच्या नवऱ्याने, ते ऐकलं आणि तो म्हणाला, "दादा, तू या घरातला माणूस नाहीस, या घराचा पहारेकरी आहेस." त्यानंतर भिंत झाली, दुसरं दार झालं, आणि एकाच जिन्याने वर्षानुवर्षं चढउतार करणारे दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. धाकट्याने वेगळ्या कंपनीचं इंटरनेट घेतलं. राउटर ठेवताना भिंतीतून आलेली जुनी वायर दिसली, डब्याला एक भोक रिकामं दिसलं, त्याने लावून टाकली. पलीकडचं टोक थोरल्याच्या राउटरमध्ये आधीपासून होतंच. भिंत बांधताना गवंड्याने वीट वायरीच्या कडेने घेतली होती.

"म्हणजे असं," बाई म्हणाल्या. "तुमचा लॅपटॉप नंबर मागतो तेव्हा दोन राउटर ऐकतात. जो आधी ओ देईल त्याच्या दाराने तो बाहेर जातो. कधी इकडून, कधी तिकडून. आणि तिकडच्या दारावर त्याला अडवलेलं दिसतंय. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय."

"अडवलंय?" नवरा ताडकन उठला. "म्हणजे मुद्दाम करतोय तो. बघ, मी म्हणत नव्हतो?"

"मुद्दाम की कसं, ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. नियम त्यांच्या जिभेवर तयारच होता. "मी वायर काढते."

त्यांनी पिवळ्या दोऱ्याची वायर उपसली आणि जमिनीवर ठेवली. लॅपटॉप बंद करून चालू केला. चित्र आलं, स्वच्छ, न अडखळता. शिक्षिकेने कॅमेऱ्यासमोर हात हलवून बघितले, बोटं झरझर फिरवली, तरी एकही बोट मागे राहिलं नाही. बाईंनी बराच वेळ बसून खात्री केली. मग पाणी पिऊन पिशवी उचलली. जिन्यात आल्या तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. काम वायरीतलं होतं, वायरीतच मिटलं होतं.

त्या शेवटच्या पायरीवर असतानाच वरून शिक्षिकेची हाक आली.

राउटरवरचा दिवा लाल झाला होता. गल्लीच्या तोंडाशी एक कामगार हातात काळ्या वायरीचं तुटकं टोक धरून उभा होता आणि मुकादम त्याला नको नको ते बोलत होता. कंपनीला फोन लावला तर संध्याकाळपर्यंत होईल म्हणाले. मोबाइलवर बघावं तर त्या खोलगट जागी रेंज यायची ती फक्त खिडकीच्या गजांपाशी, आणि तीही चित्र धड दाखवेल इतकी नाही. तो उपाय शिक्षिकेने पूर्वीच करून बघितला होता. ती खुर्चीत बसली. तिचे हात, एरवी बोलतानाही हलणारे, मांडीवर पडून होते. तास जवळ आला होता.

बाईंची नजर जमिनीवरच्या पिवळ्या दोऱ्याकडे गेली.

"त्यांचं इंटरनेट कुठल्या बाजूने येतं?"

"दादाचं? मागच्या खांबावरून," धाकटा म्हणाला आणि मग त्याला प्रश्नाचा रोख कळला. "नाही. ते नको."

बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आपण बसवलेल्या राउटरला त्यांनी नंबर वाटायचं काम बंद करायला सांगितलं आणि वायर परत लावली. लॅपटॉपला लगेच पलीकडून नंबर मिळाला. पण पुढे काही हलेना. पलीकडच्या फायरवॉलने त्याला ओळखून बाजूला उभं केलं होतं.

"इकडून माझ्या हातात आता काही नाही," बाई म्हणाल्या. "पलीकडून दार उघडायला हवं. कुणीतरी जाऊन सांगा."

धाकटा भिंतीकडे बघत उभा राहिला. शिक्षिका उठायला लागली. "मी जाते."

"तुम्ही बसा. तुमचा तास आहे," बाई म्हणाल्या. आणि जन्मभर पाळलेला नियम मोडायला त्या स्वतःच बाहेर पडल्या. जिन्यावरचं ते अंतर दोन पावलांचं. आपण नसत्या फंदात पडतोय हे त्यांना कळत होतं. चिमणीचा विचार करून त्यांनी पितळी कडी वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. "कोण? काय काम?"

"इंटरनेटचं काम करते मी."

साखळी चटकन निघाली. "बरं झालं बाई आलात. मी कुणालातरी बोलावणारच होतो. चोर आहेत."

थोरला उंच, किडकिडीत माणूस होता. खिशाला दोन पेनं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी. त्याने बाईंना संगणकासमोर बसवलं आणि आपल्या राउटरचं पान उघडून दाखवलं. जोडलेल्या यंत्रांपुढे त्याने स्वतः नावं घातली होती. चोर पहिला. चोर दुसरा. दोघांच्याही पुढे लाल फुली होती.

"हा पहिला भारी चिवट आहे," तो म्हणाला. आवाजात रागापेक्षा अभिमान जास्त होता. "दुपारी येतो. मी जेवून इथेच बसतो, लक्ष ठेवून. पासवर्ड बदलले, इतक्यांदा बदलले की मलाच आठवेनात. तरी आत हजर. शेवटी फायरवॉल शिकलो, या वयात. केला बंद. आता हलता येत नाही त्याला, पण जातही नाही. दारात उभा असतो."

बाईंना हसू आलं. "पासवर्ड बदलून काय होणार," त्या म्हणाल्या. "हा हवेतून येतच नाही. वायरीतून येतो. तुमच्या राउटरची एक वायर भिंतीत जाते ना?"

थोरल्याने वाकून बघितलं. कपाटामागे वायर होती. "ही तर जुनी. आम्हीच टाकलेली. छोट्या तिकडून ओढत होता, मी इकडून सरकवत होतो. सबंध दिवस गेला होता." आणि तो बोलता बोलता थांबला.

"पहिला चोर म्हणजे तुमच्या भावजयीचा लॅपटॉप," बाईंनी सांगून टाकलं.

थोरला खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याची गोष्ट माणूस लहानपणापासून ऐकतो, पण फाशी देणारे आपणच, हे कुणी ऐकवलं तर काय करायचं, ते कुठे सांगितलेलं नसतं.

"रोज दुपारी काय करते ती?" त्याने विचारलं.

"शिकवतात. एका ऐकू न येणाऱ्या मुलीला. हातांनी."

"हातांनी." तो भिंतीकडे बघत होता. "म्हणून आवाज येत नाही. मला वाटायचं, दुपारी घरात कुणी नसतं."

"आज त्यांची परीक्षा आहे. शाळेच्या बाई बघायला बसणार आहेत. आणि त्यांची लाइन खाली रस्त्यात तुटली. आता तुमच्याच दाराने जावं लागेल, तुम्ही जाऊ दिलंत तर."

थोरल्याने खुर्ची ओढली. चष्मा पुसला. पहिल्या चोरापुढची लाल फुली काढताना दोनदा भलतीकडेच दाबलं गेलं. तिसऱ्यांदा फुली गेली. "झालं का?" त्याने विचारलं.

"इथून नाही कळणार. पलीकडे जाऊन बघायला हवं."

बाई आधी निघाल्या नाहीत. थोड्या वेळाने थोरला उठला, एवढ्याशा अंतरासाठीही त्याने आपल्या दाराला कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, आणि त्यांच्या मागोमाग नव्या दाराशी आला.

तास सुरू झाला होता. शिक्षिकेचे हात हवेत चालले होते, वळत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते, आणि पडद्यावरची वेणीवाली मुलगी डोळे मोठे करून त्यांच्यामागे जात होती. पडद्याच्या एका कोपऱ्यात मुख्याध्यापिका हाताची घडी घालून बसली होती. खोलीत चिटपाखराचाही आवाज नव्हता. बाई आत जाऊन भिंतीला टेकल्या. थोरला उंबऱ्याबाहेरच थांबला. बोटं चौकटीवर, पाय बाहेर. न विचारता आत पाऊल टाकायचं नाही, हे वाक्य त्या घरात ज्याने उच्चारलं होतं तोच ते पाळत उभा होता.

धाकट्याने त्याला बघितलं. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलून दोघांनाही सोपं करून द्यावं. पण एक नियम आज मोडून झाला होता, तोच पुरे होता. त्या गप्प राहिल्या.  धाकटा जमिनीकडे बघत होता.

"दादा," तो शेवटी दबक्या आवाजात म्हणाला, "दार उघडं राहिलं की डास येतात."

थोरला आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

पडद्यावर चिमणीचं लक्ष उडालं. तिने मान वाकडी करून शिक्षिकेच्या खांद्यामागे बघितलं आणि बोटांनी काहीतरी भराभर विचारलं. शिक्षिकेचे हात मध्येच थांबले. धाकटा पडद्याकडे झुकला, पुन्हा अडकलं की काय. पण चित्र चालू होतं, शिक्षिकेचे डोळे मिचकत होते, फक्त हात थांबले होते. मग तिने एक खूण केली, दोन्ही तळव्यांची टोकं जुळवून वर छपरासारखी धरली आणि मग हात आत वळवला. चिमणी हसली आणि पाठाकडे वळली.

"काय म्हणाली?" थोरल्याने हळूच विचारलं.

शिक्षिकेने मागे न बघता सांगितलं, "हे कोण आलेत, विचारत होती. मी सांगितलं, घरातलेच आहेत."

थोरला चपलांच्या मांडणीवरच बसला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि तो चष्मा पुसायला लागला. चष्मा त्याने आताच पुसला होता.

तास पार पडला. मुख्याध्यापिका फार बोलणाऱ्यातली नव्हती. तिने चिमणीकडे बघून मान हलवली आणि शिक्षिकेला सांगितलं की वर्ग तुमच्याकडेच राहील, आणि मुलगी आज स्वतःहून प्रश्न विचारताना दिसली ते बरं वाटलं. पडदा बंद झाल्यावर शिक्षिकेने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती थोडी रडली. धाकटा चहा टाकायला आत गेला. त्याने कप चार काढलेले बाईंनी ऐकले.

बाईंपुढे आता एक प्रश्न उरला होता. पिवळ्या दोऱ्याची वायर हातात धरून त्यांनी विचारलं, "संध्याकाळी तुमची लाइन येईल. हिचं काय करू? धंद्याच्या हिशोबाने दोन घरं अशी जोडून ठेवणं चूक आहे. काढून टाकायची असते."

 थोरला म्हणाला, "काढायलाच हवी का?"

"काढायलाच हवी असं नाही. नीट सांगून ठेवली तर राहू शकते. नंबर एकानेच वाटायचा. एरवी आपापल्या दाराने जायचं, आणि एकाचं दार पडलं तर दुसऱ्याच्या दाराने."

"मग तसं करा," धाकटा स्वयंपाकघरातून म्हणाला.

बाई दोन्ही घरांत येरझारा घालत राहिल्या. कपाटामागे वाकून, मांडणीमागे वाकून त्यांची कंबर मोडली. शेवटी थोरल्याच्या संगणकासमोर तिघं जमली. थोरल्याने पहिल्या चोराचं नाव खोडलं आणि एका बोटाने, अक्षर शोधत, "धाकटी" असं लिहिलं. लिहून झाल्यावर ते बरोबर आहे ना, हे त्याने शिक्षिकेलाच विचारलं.

"आणि हा दुसरा?" बाईंनी विचारलं. "हा बहुतेक यांचा फोन आहे."

थोरल्याने दुसऱ्या चोरापुढची लाल फुली काढली. मग त्याने नावावर बोट ठेवलं. "याचं नाव राहू दे," तो म्हणाला. "मला पहारेकरी म्हणाला होता."

धाकटा दारात चहाचे कप घेऊन उभा होता. "राहू दे," तो म्हणाला. "चहा गार होतोय, दादा."

बाई घरी पोचल्या तेव्हा नवरा खिडकीपाशी एक उघडं घड्याळ घेऊन बसला होता. त्याने भिंगाची वाटी वर सरकवली. "काय निघालं?"

"भिंतीतली वायर," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या.

"काढलीस ना?"

"काढली होती," बाई म्हणाल्या. "मग परत लावून आले."